प्रतिसाद संकेतांक, फाइल स्थानांतरणाचे

संगणकांच्या जाळ्यातून एका यंत्रावरील फाइल दुसऱ्या यंत्रावर नेताना, फाइल पुरविणारा किंवा स्वीकारणारा सर्व्हर प्रत्येक आज्ञेस उत्तर म्हणून जो तीन अंकी आकडा पाठवितो, त्यास प्रतिसाद संकेतांक असे म्हणतात. ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ (संक्षेपाने एफटीपी) या नियमसंहितेत हे संकेतांक ठरवून दिलेले आहेत. आकड्यापुढे एक-दोन वाक्यांचा मजकूरही असतो. तथापि आकडा व मजकूर यांचे वाचक भिन्न आहेत. आकडा हा आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असून मजकूर यंत्रापाशी बसलेल्या माणसासाठी असतो. मजकुराची शब्दयोजना सर्व्हर तयार करणाऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे करावी अशी मुभा संहितेने दिली आहे. आकड्याच्या बाबतीत ती दिलेली नाही. यामुळे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषा जाणणाऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम परस्परांशी विनातक्रार बोलू शकतात.

या पद्धतीचे मर्म लक्षात येण्यासाठी एफटीपीची एक खासियत प्रथम ध्यानात घ्यावी लागते. या संहितेत दोन यंत्रांमध्ये एक नव्हे, तर दोन जोडण्या असतात. पहिली नियंत्रण जोडणी. ती सामान्यतः सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर होते आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत टिकते. आज्ञा आणि प्रतिसाद फक्त तिच्यावरून जातात. दुसरी माहिती जोडणी. ती प्रत्यक्ष फाइल वाहून नेण्यापुरती उघडली जाते आणि बहुधा प्रत्येक फाइलीनंतर मिटते. म्हणजे माल एका वाटेने जातो आणि त्याची पोच दुसऱ्या वाटेने येते. प्रतिसाद संकेतांकांना जे महत्त्व आहे ते प्रामुख्याने या विभागणीमुळे.

इतिहास : अमेरिकेच्या आर्पानेट या जाळ्यावर १९७० नंतरच्या काळात अगदी वेगवेगळ्या बांधणीची यंत्रे जोडली जात होती. त्यांच्या फाइली ठेवण्याच्या पद्धती, अक्षरांचे संकेत, इतकेच काय पण शब्दलांबीही भिन्न होती. अशा यंत्रांमध्ये फाइलींची देवघेव व्हावी म्हणून मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये पहिला मसुदा मांडला. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या (आयआयटी) पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या परिपत्रकमालेत त्याचा क्रमांक ११४ आहे. पुढील दोन-तीन वर्षांत मसुद्यात वारंवार सुधारणा झाल्या. जून १९७४ मध्ये जॉन पॉस्टेल (१९४३–९८) यांनी केवळ प्रतिसाद संकेतांकांची फेररचना करणारे ६४० क्रमांकाचे परिपत्रक काढले. आज्ञा सफल झाली की विफल, हे प्रोग्रॅमला संकेतांकाच्या पहिल्याच अंकावरून कळले पाहिजे, हा या फेररचनेचा हेतू होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये पॉस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी सिद्ध केलेल्या ९५९ क्रमांकाच्या परिपत्रकात हीच रचना कायम झाली. नंतर तीत बरीच भर पडली असली, तरी एफटीपीचा मूलाधार आजही तेच परिपत्रक आहे.

रचना : पहिला अंक १ ते ५ यांपैकी असतो. १ म्हणजे काम हाती घेतले आहे, दुसऱ्या उत्तराची वाट पाहावी. २ म्हणजे काम पुरे झाले. ३ म्हणजे आतापर्यंतचे ठीक आहे, परंतु पुढील आज्ञा आल्याखेरीज काम होणार नाही. ४ म्हणजे काम झाले नाही, पण अडचण तात्पुरती आहे. ५ म्हणजे काम झाले नाही आणि तीच आज्ञा जशीच्या तशी पुन्हा देण्यात अर्थ नाही. दुसरा अंक विषय दाखवितो : ० आज्ञेची वाक्यरचना, १ माहिती, २ जोडण्या, ३ ओळखीची खातरजमा व खाते, ५ फाइली व त्यांची साठवण (४ हा अंक मोकळा ठेवलेला आहे). तिसरा अंक त्या विषयातील बारकावा सांगतो. या जाणकारीवर पूर्वी न पाहिलेल्या संकेतांकाचाही अंदाज बांधता येतो. उदा., ४५२ वाचताच ‘तात्पुरते अपयश, साठवणीच्या बाबतीत’ इतके कळते. सर्व्हरवरील जागा संपली आहे हा त्याचा नेमका अर्थ त्यानंतरचा.

प्रोग्रॅमने निर्णय घेताना सहसा पहिल्याच अंकावर विसंबावे, असे १९८९ च्या ११२३ क्रमांकाच्या परिपत्रकात सुचविले आहे. सर्व्हर नेहमीच्या यादीबाहेरचा संकेतांक देऊ लागला तरी काम अडू नये, हा त्यामागील विचार. उत्तर अनेक ओळींचे असल्यास पहिल्या ओळीत आकड्यानंतर लगेच आडवी रेघ येते, तर शेवटच्या ओळीत तोच आकडा व त्यापुढे मोकळी जागा असते. ही रेघ न ओळखणारे प्रोग्रॅम स्वागताचा लांबलचक मजकूर आला की गोंधळतात, असा अनुभव आहे.

एका देवघेवीचा क्रम : जोडणी होताच सर्व्हर २२० हा संकेतांक पाठवून आपण सेवेस सिद्ध असल्याचे कळवितो. वापरणाऱ्याचे नाव पाठविल्यावर ३३१ येतो. नाव मिळाले, आता परवलीचा शब्द द्यावा, असा त्याचा आशय. शब्द जुळल्यास २३०, न जुळल्यास ५३०. यानंतर माहिती जोडणीची तयारी होते. जोडणी वापरणाऱ्याच्या बाजूने उघडावयाची असेल, तर सर्व्हर २२७ या संकेतांकासोबत सहा आकडे कळवितो. पहिले चार आकडे हा सर्व्हरचा पत्ता होय आणि उरलेल्या दोहोंवरून पोर्ट काढावयाचा असतो. उदा., १९२, १६८, १, २०, १९५, ८० असे आकडे आल्यास १९५ ला २५६ ने गुणून त्यात ८० मिळवावे. पोर्ट ५०,००० येतो. मजकूर माणसासाठी असतो या नियमाला येथे अपवाद घडतो, कारण हे सहा आकडे प्रोग्रॅमलाच वाचावे लागतात. मात्र ते कंसात लिहावेत की नाही याविषयी १९८५ च्या परिपत्रकात एके ठिकाणी कंस आहेत व दुसऱ्या ठिकाणी नाहीत. अखेर कंसाचा भरवसा न धरता ओळीतील पहिला अंक शोधून तेथून वाचावे, असा खुलासा १९८९ मध्ये करावा लागला. सर्व्हर खाजगी जाळ्यात असून बाहेरच्या जगाशी राउटरमार्फत बोलत असेल, तर पुष्कळदा तो २२७ मध्ये आपला आतला पत्ता कळवून बसतो. उत्तर बिनचूक असूनही बाहेरून त्या पत्त्यावर पोचता येत नाही. १९९८ मध्ये आलेल्या २२९ या संकेतांकात केवळ पोर्ट कळविला जातो, पत्ता नाही. त्यामुळे ही अडचण उरत नाही.

जोडणीची तयारी झाल्यावर फाइल मागितली असता १५० आणि काम संपल्यावर २२६ येतो. निरोप घेताना २२१ येतो.

फाइल पोचल्याची खूण : वरील क्रमातील १५० व २२६ यांतील फरक ओळखणे हा या विषयाचा गाभा म्हणावा लागेल. १५० चा अर्थ ‘फाइल ठीक आहे, माहिती जोडणी उघडत आहे’ एवढाच आहे. ते आश्वासन आहे, पोच नव्हे. एफटीपीच्या सर्वांत प्रचलित प्रवाह पद्धतीत फाइलीची अखेर दर्शविणारी वेगळी खूण नसते. माहिती जोडणी मिटली की फाइल संपली असे समजावयाचे. आता जोडणी दोन कारणांनी मिटू शकते. एक तर शेवटचा बाइट गेल्यावर सर्व्हरने ती बंद केली, किंवा वाटेत काही बिघडून ती तुटली. माहिती जोडणीकडेच पाहणाऱ्यास पुष्कळदा या दोहोंतील फरक कळत नाही. नऊ लाख नोंदींची यादी पाच लाखांवर तुटली, तरी हातात येणारी फाइल उघडते, वाचता येते आणि वरकरणी धडधाकट दिसते. ती अपुरी आहे हे नियंत्रण जोडणीवर आलेला संकेतांकच सांगतो : पूर्ण झाली असल्यास २२६, तुटली असल्यास ४२६, सर्व्हरवर अंतर्गत चूक झाली असल्यास ४५१. म्हणून फाइल हाती येताच नियंत्रण जोडणी सोडून देणारा आणि २२६ ची वाट न पाहणारा प्रोग्रॅम नव्व्याण्णव वेळा यशस्वी होतो आणि शंभराव्या वेळी अर्धवट फाइल पूर्ण म्हणून पुढे धाडतो. रात्री कोणी लक्ष ठेवीत नसताना हिशेबाच्या वा पगाराच्या याद्या आपोआप पाठविणाऱ्या व्यवस्थांत ही शंभरावी वेळ महागात पडते.

याच्या उलट प्रकारही घडतो. मोठी फाइल जात असताना नियंत्रण जोडणीवर काहीच हालचाल नसते. मधले राउटर किंवा संरक्षक भिंती (फायरवॉल) अशी निश्चल जोडणी बंद पडली आहे असे समजून तिची नोंद पुसून टाकतात. फाइल अखेरच्या बाइटापर्यंत सुखरूप पोचते, परंतु २२६ वाटेतच हरवतो. पोच आली नाही म्हणून प्रोग्रॅम तीच फाइल पुन्हा पाठवितो आणि पुन्हा तसेच होते.

फाइल पाठविताना सावध व्यवस्थापक ती प्रथम तात्पुरत्या नावाने पाठवितात व २२६ मिळाल्यावरच तिला खरे नाव देतात. नामांतराला दोन आज्ञा लागतात. जुने नाव सांगितल्यावर ३५० व नवे नाव सांगितल्यावर २५० येतो. पलीकडे फाइलीची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या नावाची फाइल दिसते तेव्हा ती पुरी असते. याखेरीज फाइलीचे आकारमान विचारणारी आज्ञाही आहे (तिचे उत्तर २१३) आणि तिच्या साहाय्याने दोन्हीकडचे बाइट ताडून पाहता येतात.

हा पडताळा घेण्यास आणखी एक कारण आहे. २२६ मिळाल्याने फाइल गेली एवढे सिद्ध होते. ती जशीच्या तशी गेली असे सिद्ध होत नाही. मजकुरासाठी असलेल्या आस्की प्रकारात ओळींच्या शेवटच्या खुणा यंत्रागणिक बदलल्या जातात आणि हाच प्रकार संहितेने मूळ धरलेला आहे. छायाचित्र किंवा दाबून लहान केलेली फाइल चुकून या प्रकाराने पाठविल्यास तिच्यातील बाइट बदलून ती निकामी होऊ शकते. सर्व्हर तरीही २२६ पाठवितो, कारण सांगितलेले काम त्याने सांगितल्याप्रमाणे केलेले असते. क्वचित सर्व्हरची उत्तरेही ढिली असतात. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सर्व्हरमध्ये निर्देशिका उघडता आली नाही तरी संकेतांक २२६ च येतो आणि ती उघडता आली नाही हे केवळ मजकुरात लिहिलेले असते. आकडा वाचणारा प्रोग्रॅम अशा वेळी ‘आज एकही फाइल आलेली नाही’ असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसतो.

तात्पुरते व कायमचे अपयश : ४ व ५ यांतील सीमारेषेची कसोटी संहितेत दिलेली आहे. आज्ञेचे रूप, वापरणारा आणि सर्व्हर यांत काहीही बदल न करता तीच आज्ञा पुन्हा दिल्यास ती सफल होण्याजोगी असेल, तर ४, एरवी ५. दुसऱ्या कोणी उघडून ठेवल्यामुळे फाइल मिळत नसेल तर ४५०, सर्व्हर बंद होण्याच्या बेतात असेल तर ४२१. आज्ञाच ओळखता आली नाही तर ५००, आज्ञांचा क्रम चुकला तर ५०३, फाइलीचे नाव चालत नसेल तर ५५३. ४५२ व ५५२ ही जोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. सर्व्हरची जागा भरली असल्यास ती केव्हातरी रिकामी होईल, म्हणून ४५२. वापरणाऱ्याला नेमून दिलेला वाटाच संपला असल्यास नुसते थांबून उपयोग नाही, म्हणून ५५२.

‘तात्पुरते’ म्हणजे किती वेळ, हे मात्र सांगितलेले नाही. दोन भिन्न ठिकाणच्या यंत्रांचे त्यावर एकमत होणे कठीण आहे, हे संहिताकारांनीही मान्य केले आहे. पुन्हा प्रयत्न करण्यास उत्तेजन देणे एवढाच ४ चा हेतू. शहाणे प्रोग्रॅम दर खेपेस थांबण्याचा काळ वाढवीत नेतात आणि ठरावीक खेपांनंतर माणसाला कळवितात.

शिवाय हे वर्गीकरण सर्व्हरच्या नजरेतून केलेले असते. ४२५ हा ‘माहिती जोडणी उघडता आली नाही’ असे सांगणारा संकेतांक घ्या. मूळ पद्धतीत ही जोडणी सर्व्हर स्वतः वापरणाऱ्याच्या यंत्राकडे उघडतो. त्या यंत्रापुढे संरक्षक भिंत असल्यास बाहेरून आलेली ही जोडणी अडविली जाते. सर्व्हरला हा योगायोगाचा अडथळा वाटतो; वस्तुतः भिंत हटेपर्यंत शंभरदा प्रयत्न केला तरी तेच उत्तर येणार. येथे उपाय म्हणजे जोडणी उघडण्याचे काम आपल्याकडे घेणे, अर्थात वर सांगितलेला २२७ चा मार्ग. १९९४ मध्ये तशी शिफारस करण्यात आली आणि आता बहुतेक प्रोग्रॅम आरंभापासूनच तो मार्ग धरतात. उलट बाजूने, गर्दी झाल्यामुळे प्रवेश नाकारताना काही सर्व्हर ४२१ ऐवजी ५३० देतात. घटकाभराने उघडणारे दार कायमचे बंद असल्याचा समज त्यामुळे होतो.

सर्वांत अधिक वेळा भेटणारा व सर्वांत कमी सांगणारा संकेतांक ५५० होय. फाइल अस्तित्वात नाही आणि फाइल आहे पण पाहण्याची परवानगी नाही, या दोन्ही गोष्टींना संहितेने हा एकच आकडा दिला आहे. नावातील एखादे लहान अक्षर मोठे झाले, निर्देशिका चुकली, मालकी हक्क दिला गेला नाही, या सर्वांचे उत्तर ५५०. दुरुस्ती करू पाहणाऱ्याने येथे मजकूर वाचल्याशिवाय गत्यंतर नाही आणि तो मजकूर सर्व्हरगणिक वेगळा. या बाबतीत संहितेची रचना तोकडी पडली आहे.

सुरक्षितता : संदिग्धता नेहमी दोषच असते असे नाही. अस्तित्वात नसलेले नाव पाठविताच सर्व्हरने ५३० दिला, तर एकामागून एक नावे पाठवून खरी नावे कोणती हे परक्याला हुडकता येईल. म्हणून नाव खरे असो वा खोटे, ३३१ देऊन परवलीचा शब्द मागावा व नकार त्यानंतरच द्यावा, तसेच थोड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर ४२१ देऊन जोडणी तोडावी, असे १९९९ च्या परिपत्रकात सुचविले आहे. तथापि मूळ एफटीपीत परवलीचा शब्द उघडच प्रवास करतो, या मोठ्या उणिवेवर त्याने इलाज होत नाही. १९९७ मध्ये आलेल्या सुरक्षाविषयक पुरवणीने ओळखीची खातरजमा करून घेणारी आज्ञा व तिचे २३४ हे उत्तर आणले. याच पुरवणीत ६ ने आरंभ होणारा, गूढरूपात गुंडाळलेल्या उत्तरांचा नवा गटही आहे. सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीस तो सहसा पडत नाही.

अन्य संहितांवरील प्रभाव : आर्पानेटवर सुरुवातीस इलेक्ट्रॉनिक टपालही एफटीपीच्याच आज्ञांनी जात असे. १९८२ मध्ये टपालासाठी एसएमटीपी ही स्वतंत्र संहिता झाली तेव्हा संकेतांकांची पद्धत तिने बरोबर नेली. पत्ता चुकल्याने परत आलेल्या पत्रात दिसणारा ५५० याच घराण्यातला. टपालात ४ व ५ यांतील भेदाचा एक चतुर उपयोगही केला जातो. अपरिचित सर्व्हरकडून आलेले पत्र प्रथम मुद्दाम ४ च्या गटातील उत्तर देऊन फिरवावयाचे. खरा टपाल सर्व्हर नियमाप्रमाणे थोड्या वेळाने पुन्हा येतो. घाऊक जाहिराती उधळणारे प्रोग्रॅम बहुधा येत नाहीत.

वेबच्या एचटीटीपी या संहितेतही तीन अंकी संकेतांक आहेत, परंतु अर्थ पालटले आहेत. तेथे ४ म्हणजे मागणी करणाऱ्याची चूक व ५ म्हणजे सर्व्हरची चूक. ४०४ ची सवय झालेला वाचक एफटीपीतील ५५० पाहून सर्व्हर बिघडला असे समजतो आणि ४५० पाहून आपलेच चुकले असे मानतो. दोन्ही समज उलटे होत. नावातील साम्यामुळे एफटीपीचाच प्रकार वाटणारी एसएफटीपी ही संहिता तर मुळातच निराळी आहे. ती एसएसएच या सुरक्षित जोडणीतून चालते, तीत तीन अंकी संकेतांक नसून लहान क्रमांक असतात. ० म्हणजे काम झाले, २ म्हणजे फाइल नाही आणि ३ म्हणजे परवानगी नाही. एफटीपीने ५५० मध्ये एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी येथे सुट्या झाल्या आहेत.

क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीची सोय काढून टाकल्यापासून सर्वसामान्य वाचकाची या संकेतांकांशी गाठ क्वचित पडते. संस्थांमधील आपोआप चालणाऱ्या देवघेवी, संकेतस्थळांची निगा आणि जुनी यंत्रे यांत मात्र ते अद्याप वापरात आहेत. तेथील नोंदवहीत काही बिघाड शोधावयाचा असल्यास शेवटचा संकेतांक न पाहता क्रमाने मागे जात ४ किंवा ५ ने आरंभ होणारा पहिला संकेतांक गाठावा लागतो, कारण त्यापुढील अपयशे बहुधा त्याचीच पिलावळ असते.